न जाण्याचं भाडं

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला 'पास' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा, सेकंड क्लासचा, प्लॅस्टिकच्या पाकिटात ओळखपत्राशेजारी सरकवलेला तो कागद म्हणजे तिकिटाच्या रांगेतून सुटका. त्यात हौस नाही, पर्यटन नाही. पास आहे म्हणजे नोकरी आहे, इतकाच त्याचा अर्थ. आणि पास आहे म्हणून बसायला जागा मिळेल, असा गैरसमज आमच्याकडे कुणाचाही नव्हता. पास चढायचा हक्क देतो. बसायचं ते ज्याच्या त्याच्या नशिबाने आणि कोपरांनी.

मला हैदराबादेत येऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे तो पास केव्हाच सुटला. गेल्या वर्षी आम्ही युरोपला जायचं ठरवलं आणि नवऱ्याने एका रविवारी लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हटलं, "रेल्वे पास काढूया का?" तेव्हा हा जुना ओळखीचा शब्द नव्या कपड्यांत भेटला. पडद्यावर डोंगर होते, निळं तळं होतं, त्याच्या काठाने वळत जाणारी लाल गाडी होती, आणि खाली लिहिलं होतं की तेहेतीस देशांत हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा.

आमच्या पिढीला या स्वप्नाची लागण कुठून झाली ते सांगायला नको. १९९५ साली आम्ही कॉलेजात होतो आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' पाहून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला युरोपात रेल्वेने फिरायचं होतं. त्या सिनेमाची गंमत अशी की गाडी चुकते म्हणून गोष्ट पुढे जाते. नवऱ्याचं म्हणणं हेच होतं: पास असला की गाडी चुकली तरी काही बिघडत नाही, पुढची पकडायची. मी म्हटलं, त्यांच्याबरोबर बाहत्तर वर्षांची आई आणि पाच बॅगा नव्हत्या.

आम्ही पाच जण जाणार होतो. आम्ही दोघं, चौदा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा, आणि माझी आई. धाकटा भाऊ म्युनिकमध्ये असतो. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. लेकाचं तिथलं घर तिने फक्त फोनवर पाहिलेलं. उजवा गुडघा कुरकुरतो. डॉक्टरांनी सांगितलंय, चालवेल तेवढं चाला, नाही चालवलं तर बसा. ही दुसरी अर्धी सूचना पाळणं आईला जमत नाही, कारण आयुष्यात 'मला नाही चालवत' असं ती कुणाला म्हणालेलीच नाही. तिचा पाय दुखतोय हे आम्हाला तिच्या बोलण्यातून कळत नाही. ती जिन्याच्या कठड्याकडे कशी बघते त्यावरून कळतं.

तर पास. या पासाचा इतिहास मला आवडला. तो १९५९ साली निघाला तेव्हा त्यात तेरा देशांच्या रेल्वे होत्या, आणि तो फक्त पहिल्या वर्गाचा होता. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः अमेरिकेतून येणारा, खिसा गरम असलेला प्रवासी. युरोपातच राहणाऱ्यांसाठी वेगळा पास आला १९७२ मध्ये, तोही सुरुवातीला एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी. बाहेरच्यांचा तो युरेल, तिथल्यांचा तो इंटररेल. यातला कोणता मिळणार हे पासपोर्टच्या रंगावर ठरत नाही, तुम्ही राहता कुठे यावर ठरतं. भावाचा पासपोर्ट आपलाच, निळा. पण तो म्युनिकला राहतो म्हणून त्याला इंटररेल, आणि त्याच्या सख्ख्या आईला व बहिणीला युरेल.

पासात दिवस विकत घ्यायचे असतात. सलग पंधरा दिवस, बावीस दिवस, महिना असे घेता येतात. किंवा एका महिन्यात कुठलेही चार, पाच किंवा सात, दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा, असे सुटे घेता येतात. दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. रात्रीच्या गाडीत बसलात तर ज्या दिवशी बसलात तो एकच दिवस धरतात. पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या बावीस वर्षांच्या पोराने दहा दिवसांचा पास घेऊन, रात्री गाडीत झोपून, सकाळी नव्या शहरात तोंड धुतलं, तर त्याच्यासारखा फायदा कुणाचा नाही. वय सत्तावीसपर्यंत असेल तर पासही एक-चतुर्थांश स्वस्त.

वयाचं प्रकरण मात्र मजेशीर निघालं. या पासात चार ते अकरा वर्षांची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट. एका मोठ्यामागे दोन. म्हणजे मुलगा फुकट. लेक बारा ओलांडून गेलेली, म्हणून ती 'तरुण', आणि तिला वेगळा पास. साठीच्या पुढे दहा टक्के सूट, ती आईला. पण हीच चौदा वर्षांची लेक जर्मन रेल्वेच्या साध्या तिकिटावर आईबापांबरोबर फुकट जाते, कारण तिथे चौदा पूर्ण होऊन पंधरावं सरेपर्यंत मूल हे मूलच. स्वित्झर्लंडमध्ये तर सोळावा वाढदिवस येईपर्यंत. आपल्या रेल्वेत बाराव्या वर्षी पूर्ण तिकीट लागतं. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी आहे तरी कोण?" तिला तसंही त्या वर्षी हा प्रश्न रोज पडत होता.

तिला पॅरिस हवं होतं. पास असेल तर पॅरिस जवळजवळ फुकट पडतं, असा तिचा युक्तिवाद. दिवस तर घेतलेलेच आहेत. इथे डोंबिवलीचं शिक्षण कामाला आलं. पास म्हणजे जागा नव्हे. आपल्याकडे लांब पल्ल्याचं आरक्षित तिकीट म्हटलं की प्रवास आणि जागा एकाच कागदावर येतात. तिकडे प्रवासाचा हक्क वेगळा, आसन वेगळं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत आरक्षण सक्तीचं नाही. पास दाखवा आणि जिथे आरक्षणाची पाटी नाही तिथे बसा. पण फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या आणि स्पेनच्या वेगवान गाड्या, समुद्राखालून लंडनला जाणारी युरोस्टार, या सगळ्यांत पासधारकालाही आरक्षणाचे पैसे भरावेच लागतात. फ्रान्सच्या गाड्यांत तर पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच ठेवतात. त्या संपल्या की गाडी रिकामी दिसत असली तरी तुमचा पास घरी. आणि ज्या मुलाचा पास फुकट त्याचं आरक्षण फुकट नाही. झुरिकहून पॅरिसला जायचं आणि यायचं म्हणजे पाच जणांची दहा आरक्षणं, तीही आधीच तारीख-वेळ ठरवून. मग 'हवं तेव्हा चढा' राहिलं कुठे? हा पास जिथे खरोखर मोकळा आहे तो पट्टा आल्प्सच्या उत्तरेचा आहे. पॅरिस आणि रोम पासावर करू पाहणाऱ्याने आरक्षणाचा खर्च पासाच्या किमतीतच धरावा. लेक दोन दिवस बोलली नाही. मग तिने पॅरिस 'माझं मी जाईन' या खात्यावर टाकलं.

आमचा मार्ग ठरला तो असा: म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, इन्सब्रुक, लुत्सर्न आणि परत म्युनिक. लुत्सर्नला पाच रात्री, तिथून दोन सहली. नवऱ्याने बोटांवर मोजलं. गावं बदलायचे पाच प्रवास आणि दोन सहली, सात. महिन्यात सात दिवसांचा पास. जणू आमच्यासाठीच छापलेला.

त्याने तक्ता केला. आम्ही पाहिलं तेव्हा सात दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास माणशी पावणेचारशे युरोंच्या थोडा वर होता. आम्हा दोघांचे दोन, आईचा सवलतीचा, लेकीचा तरुणांचा, मुलाचा शून्य. मिळून चौदाशे युरोंच्या जवळ. युरो तेव्हा शंभरीला टेकलेला, त्यामुळे रुपयांत आकडा सांगायला डोकं लागत नव्हतं, फक्त छाती लागत होती. एका मोठ्या माणसाचा एक दिवस पडतो पंचावन्न युरोंच्या आसपास. ज्या दिवशीचं साधं तिकीट त्याहून कमी आहे, त्या दिवशी पास तोट्यात.

पहिलाच दिवस तोट्यात गेला. बव्हेरिया प्रांतात 'बायर्न तिकीट' म्हणून एक प्रकार आहे: दिवसभर प्रांतातल्या कुठल्याही साध्या गाडीत, पाच जणांपर्यंत मिळून एकच तिकीट. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर चालतं, आणि ऑस्ट्रियाची हद्द ओलांडून थेट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं. तीन मोठ्यांचं मिळून साठ युरोंच्या आत, आणि दोन्ही मुलं आमचीच असल्याने फुकट. म्हणजे अख्ख्या कुटुंबाचं भाडं पासाच्या जेमतेम एका माणसाच्या एका दिवसाएवढं. व्हिएन्ना ते इन्सब्रुक हा सव्वाचार तासांचा पल्ला आगाऊ तिकिटात पासाच्या दिवसाहून कितीतरी स्वस्त. ऐनवेळी खिडकीवर घेतला तर महाग. सगळा खेळ तिथेच आहे. स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं; ती सुटली की तिकीट संपलं. पास महाग, पण बांधलेला नाही.

नवरा म्हणाला, "पैशाचं सोड. मोकळीक बघ. आईंना सकाळी उशीर झाला तर?"

हा मुद्दा खरा होता, म्हणून मी त्यावर बरेच दिवस घालवले. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्र कुठे काढणार याचा पुरावा जोडावा लागतो. आमच्या सोळाही रात्रींना पत्ता होता. तेव्हा पास घेतला तरी आज इन्सब्रुकऐवजी लिंझला उतरू, असं होणारच नव्हतं. खोलीचे पैसे भरलेले. पाच जणांच्या घरात मोकळीक म्हणजे फार तर दहाऐवजी बाराची गाडी. मग सरळ बाराचीच काढावी. बाकी राहिली रेल्वेने केलेली उशिराची भीती, आणि ती जर्मनीत खोटी नाही: २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या दर आठ गाड्यांपैकी तीन उशिरा पोचल्या. पण पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की स्वस्त तिकिटाचं ते बंधन आपोआप सुटतं, दुसऱ्या गाडीने जाता येतं. तासाहून जास्त उशीर झाला तर पाव भाडं परत मागता येतं, दोन तासांवर गेलं तर निम्मं.

आई हे सगळं ऐकत भाजी निवडत होती. तिच्यापुढे प्रश्न ठेवला की ती नेहमी म्हणते, तुम्ही ठरवाल ते. त्या दिवशी मेथीची काडी मोडता मोडता तिने विचारलं, "आणि एखाद्या दिवशी मी येत नाही म्हटलं तर?"

"तर काय, आई, तुम्ही आराम करा," नवरा म्हणाला.

"पण मग त्या दिवसाचे पैसे?"

त्याने तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यात तो रकाना नव्हता.

आईच्या या प्रश्नाला एक जुनं कारण आहे, आणि ते मला माहीत होतं. आपल्या एसटीची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही योजना १९८८ मध्ये निघाली. आता तो पास चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. वडिलांनी १९९० च्या मे महिन्यात आमच्या सगळ्यांचे काढले. पोस्टातली नोकरी, वर्षाकाठी एक सुट्टी, आणि महाराष्ट्र दाखवायचा म्हणजे पुरा दाखवायचा ही जिद्द. कल्याणहून नाशिक, शिर्डी, औरंगाबाद, वेरूळ, लातूर, तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर, रत्नागिरी. लाल डबा, खिडकीच्या खडखडणाऱ्या काचा, मे महिन्याचं ऊन. वडिलांच्या खिशात पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही होती. प्रत्येक गाडीतून उतरलं की ते त्यात त्या टप्प्याचं सुटं भाडं लिहीत. पंढरपूरला पोचेपर्यंत पासाचे पैसे वसूल झाले होते. तिथून पुढचं सगळं नफ्यात, असं त्यांनी आम्हाला धर्मशाळेच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. मला तो क्षण अजून आठवतो, कारण मलाही तेव्हा आपण काही तरी जिंकलो असं वाटलं होतं.

आईला त्या प्रवासातलं काय आठवतं? धाकट्याला गाडी लागायची, म्हणून मांडीवर पसरलेला जुना टॉवेल. कोल्हापुरात तिला ताप होता. एक दिवस थांबूया, असं वडीलच म्हणाले होते. ते काही निर्दयी नव्हते. पण थांबलो तर एक दिवस फुकट जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. ती म्हणाली, मी बरी आहे. मग रत्नागिरीची गाडी, मग आंबा घाट. "मी घाट नाही पाहिला," ती एकदा मला म्हणाली होती, "पुढच्या सीटची पाठ पाहिली." तक्रारीच्या सुरात नाही. ती तक्रारीच्या सुरात काहीच म्हणत नाही.

पासाचा हिशेब करणारे सगळे, आम्हीसुद्धा, एकाच बाजूने मोजत होतो: किती गेलो तर किती सुटले. पास जाण्याची मोकळीक देतो यात वाद नाही. न जाण्याची मोकळीक तो देत नाही. उलट न जाण्यालाही भाडं लावतो. पैसे आधी दिलेले असले की घरी बसलेला दिवस बुडीत खात्यात जातो, आणि ते बुडीत खातं ज्याच्या पायामुळे निघालं त्या माणसाच्या डोक्यावर बसतं. तरुण माणसाला याचं काही नाही, त्याला थांबायचंच नसतं. आमच्यात थांबण्याची शक्यता जिची सर्वांत जास्त, तीच हा हिशेब सर्वांत आधी करणार होती. पास काढला असता तर आईने सातच्या सात दिवस प्रवास केला असता, आणि मी बरी आहे असं सातही दिवस सांगितलं असतं.

तेव्हा युरेल बाजूला पडला. ऑस्ट्रियातल्या तीन पल्ल्यांची आणि म्युनिकला परतायची आगाऊ तिकिटं काढली. इन्सब्रुकची ते झुरिकपर्यंत. नियम एकच: दुपारची गाडी, आणि शक्यतो मधे बदल नको. पाच बॅगा आणि एक गुडघा घेऊन आठ मिनिटांत फलाट बदलण्यापेक्षा चार युरो जास्त गेलेले परवडले. सक्ती नव्हती, तरी आसनंही राखली. गावं बदलायच्या दिवशी तर जाणं भागच होतं, तिथे थांबण्याचा प्रश्नच येत नव्हता.

खरी गाठ होती लुत्सर्नच्या पाच रात्रींची. स्वित्झर्लंडचा स्वतःचा पास आहे, आणि तो फार चांगला आहे हे मला मान्य करावं लागेल. गाड्या, बस, तळ्यातल्या बोटी, शहरांतल्या ट्रॅम, सगळं त्यात. रिगीच्या डोंगरावर चढणारी गाडीसुद्धा. मुलांना कुटुंब-कार्डावर फुकट. चार सलग दिवसांचे माणशी तीनशे फ्रँकच्या आसपास. दुसऱ्या बाजूला त्यांचंच 'हाफ फेअर कार्ड': महिनाभर चालतं, आणि काढलं की जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्म्यात. मुलं त्यावरही फुकट. तक्ता पुन्हा उघडला. झुरिकहून लुत्सर्न, एक दिवस रिगी, एक दिवस ब्रुनिगच्या खिंडीतून इंटरलाकेन आणि ग्रिंडेलवाल्ड, मग परतीचा प्रवास. सगळं करू असं धरलं तर दोन्ही बाजूंचे आकडे इतके जवळ आले की नवरा हसला. फरक एका जेवणाचा.

पण सगळं केलं तर. एक सहल गाळली की पास आहे तिथेच राहतो, आणि अर्ध्या भाड्याचं कार्ड स्वस्त होत जातं. तिकडचं साधं तिकीट गाडीला बांधलेलंही नसतं. त्या दिवशी त्या मार्गावर कुठल्याही गाडीत बसा. म्हणजे सकाळी उठून खिडकीबाहेर बघायचं, आईकडे बघायचं, आणि मग तिकीट काढायचं. आम्ही तीन कार्डं घेतली. आईला मी एवढंच सांगितलं, "इथे आधी पैसे भरलेले नाहीत. ज्या दिवशी तू बसशील त्या दिवशी पैसे वाचतील."

"असं असतं होय?" ती म्हणाली.

प्रवासाचं वर्णन करायला हा लेख नाही. साल्झबुर्गला भाऊ सोडायला आला, त्याच्या महिन्याच्या तिकिटावर, आणि फलाटावर आईच्या पाया पडला तेव्हा एका जपानी बाईने फोटो काढला. इन्सब्रुकहून झुरिककडे येताना आर्लबेर्गचा बोगदा लागतो, दहा किलोमीटरहून लांब, १८८४ सालचा. मुलाने खंडाळ्याच्या सवयीने ओरडायला तोंड उघडलं आणि दम संपला तरी बोगदा संपला नाही. त्यानंतर गाडी लिश्टेनश्टाइन नावाच्या देशातून जाते. मुलाने तो देश पाहिला असं तो शाळेत सांगतो, आणि ते खोटं नाही. काही मिनिटं पाहिला.

लुत्सर्नला तिसऱ्या दिवशी ग्रिंडेलवाल्डला जायचं होतं. सकाळी चहा पिताना आई कपाकडे बघत म्हणाली, "आज नको. तुम्ही जा."

मी चटकन काहीच बोलले नाही. तिचं 'नको' मी याआधी पोळीच्या बाबतीत ऐकलं होतं, साडीच्या बाबतीत ऐकलं होतं. जाण्याच्या बाबतीत नाही. नवरा मुलांना घेऊन गेला, स्टेशनवर एकच मोठं तिकीट काढलं, अर्ध्या भाड्याचं. मी आईबरोबर थांबले. दुपारी ती मला म्हणाली, तू पण जरा फिरून ये गावात, माझ्यावर लक्ष ठेवत बसू नकोस. मी गेले. तासाभराने परत आले तर ती तळ्याच्या काठी धक्क्याजवळच्या बाकावर, पाय समोर सरळ ताणून, शेजारी एका स्विस आजोबांबरोबर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबा बोट दाखवत होते आणि बोटींची नावं सांगत होते. त्या तळ्यात अजून पाच जुन्या वाफेच्या बोटी चालतात, बाजूला मोठं चाक असलेल्या. त्यांतल्या एकीचं नाव 'उरी', १९०१ ची. आईने ते नाव दोनदा विचारून खात्री करून घेतली.

संध्याकाळी मुलं परतली, गाल लाल, बर्फाच्या आणि खाली दरीतल्या घंटांच्या गोष्टी एकमेकांच्या तोंडातून ओढून घेत. दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं असेल असं फोनवर दिसत होतं, आणि रिगीला जायचं ठरत होतं. बोटीने फित्सनाउला, तिथून दातेरी रुळांवरून वर, १८७१ पासून चालू असलेल्या गाडीने.

"आजी, तू दिवसभर काय केलंस?" मुलाने विचारलं.

"बसले," आई म्हणाली. मग थोडा वेळ थांबून, "तिथे एक बाक आहे. उद्या बोटीत चढताना दाखवते तुला."